सुईण आणि सुई

गेल्या महिन्यांत पुण्यांतील एका स्नेह्यांच्या घरीं बारशाच्या निमित्तानें आम्ही गेलों होतों. जेवणें आटोपून मंडळी सुपारी कातरीत बसली असतां बोलणें गडचिरोलीकडे वळलें, आणि एक वयोवृद्ध वैद्यकव्यवसायी गृहस्थ मोठ्या निश्चयानें म्हणाले, "सातवी झालेल्या बाईच्या हातीं इंजेक्शनची सुई देणें हा शुद्ध पोरखेळ आहे. आधीं तेथें डॉक्टर पाठवा, इस्पितळ बांधा. मग पुढचें बोलूं." सभोवतीं माना डोलल्या. त्या माना आमच्याच वर्गाच्या होत्या, आणि प्रामाणिकपणें सांगावयाचें तर कांहीं वर्षांपूर्वीं त्यांत आमचीहि मान असती. म्हणूनच या मताचा समाचार घेणें आम्हांस अवश्य वाटतें.

"आधीं डॉक्टर, मग उपचार" हा युक्तिवाद तर्कशास्त्राच्या वर्गांत निर्दोष ठरेल. परंतु नवजात अर्भक त्या वर्गांत बसलेलें नसतें. जन्मानंतर चार-आठ दिवसांत तें एकाएकीं अंगावर पिईनासें होतें, त्याचें रडणें क्षीण होतें, हातपाय थंड पडतात, अंग लुळें होतें. हीं जंतुदोषाचीं लक्षणें होत. आणि एकदां तीं दिसूं लागलीं म्हणजे काळाचा हिशेब तासांनीं करावा लागतो. भामरागडचा मुलूख पर्लकोटेच्या पुरानें आजवर कित्येक पावसाळ्यांत बाहेरच्या जगापासून तुटलेला आहे. अशा एखाद्या रात्रीं माडिया टोल्यावरच्या आईनें कोणत्या डॉक्टराची वाट पाहावी? डॉक्टर तयार झाले नाहींत असें नाहीं. ते आमच्याच घरांतून तयार झाले, आणि ते कोठें गेले हें आमच्या दिवाणखान्यांतील परदेशचीं छायाचित्रें सांगतात. बैरागडचे कोल्हे दांपत्य किंवा हेमलकशाचे आमटे दांपत्य यांचीं नांवें आम्हांस तोंडपाठ आहेत, याचें कारणच हें कीं अशीं नांवें बोटांवर मोजण्याइतकीं आहेत.

आतां तो पोरखेळ काय होता तें पाहूं. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं १९८६ च्या सुमारास गडचिरोलींत 'सर्च' ही संस्था उभी केली. पुढें १९९५ पासून ३९ गांवांत त्यांनीं गांवच्याच, पांच ते दहा इयत्ता शिकलेल्या स्त्रियांना 'आरोग्यदूत' म्हणून तयार केलें. बाळाचें वजन करावें, श्वास मोजावा, ऊब राखावी, जन्मतः न रडणाऱ्या बाळास श्वास द्यावा, आणि जंतुदोषाचीं लक्षणें दिसतांच आईबापांच्या संमतीनें तोंडावाटें औषध व जेंटामायसिनचें इंजेक्शन द्यावें, असें तें शिक्षण. शेजारचीं ४७ गांवें केवळ तुलनेसाठीं ठेवलीं होतीं. निष्कर्ष १९९९ च्या डिसेंबरांत 'लॅन्सेट' या विलायतेच्या वैद्यकीय पत्रांत प्रसिद्ध झाले. दर हजार जन्मांमागें नवजात बालकांचे मृत्यु ६२ होते ते तीन वर्षांत २५ वर आले. तुलनेच्या गांवांत ते ५८ चे ६० झाले. जंतुदोष झालेल्या अर्भकांपैकीं पूर्वीं शेंकडा १६.६ दगावत, तीं सुई आरोग्यदूताच्या हातीं आल्यावर २.८ दगावलीं. आमच्या मित्रांस ज्यांत पोरखेळ दिसला, त्या खेळांत पोरें वाचलीं.

पदवीचा हात तेवढा सुरक्षित, ही समजूत नवी नाहीं. १८४७ सालीं व्हिएन्नाच्या मोठ्या प्रसूतिगृहांत दोन विभाग होते. एकांत वैद्यकीचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यांत सुइणी. बाळंतज्वरानें मरणाऱ्या स्त्रियांची संख्या विद्यार्थ्यांच्या विभागांत कितीतरी अधिक होती. शवविच्छेदन करून आलेले हात क्लोरिनच्या पाण्यानें धुवा, एवढेंच सेमेलवाइसचें म्हणणें होतें. आणि त्याच्या समव्यवसायी विद्वानांना तो आपला अपमान वाटला!

सरकारनें गडचिरोलीची ही पद्धत २०११ सालीं देशभर स्वीकारली, हें मान्य करून त्याबद्दल आम्ही त्याचें अभिनंदन करतों. परंतु स्वीकारतांना तिचा दांत काढून घेतला. २००५ पासून गांवोगांव नेमलेल्या 'आशा' नवजात बाळाच्या घरीं जाऊं लागल्या, वजन करूं लागल्या, धोक्याचीं चिन्हें ओळखूं लागल्या. सुई मात्र त्यांच्या हातीं दिली नाहीं. २०१४ सालीं ती उपकेंद्राच्या परिचारिकेला, तीहि अटींवर, मिळाली. आदिवासी भागांत एक उपकेंद्र ३,००० वस्तीला, असें सरकारचें प्रमाण आहे. आणि ती वस्ती एका चाळींत राहत नाहीं, रानांत विखुरलेल्या टोल्यांत राहते. आशा चिन्ह ओळखते आणि "न्या" म्हणून सांगते. कशावरून न्यावें, कोठें न्यावें, हें तिच्या पुस्तिकेंत लिहिलें असेल. रस्त्यावर लिहिलेलें नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं, आतां बहुतेक बाळंतपणें दवाखान्यांतच होतात. होत असतील, आणि व्हावीं. आम्ही इस्पितळाचे वैरी नव्हों. बाळंतपणानंतर रक्तस्राव सुरू झाला तर दोन तासांत स्त्री जाऊं शकते. आडवें आलेलें मूल शस्त्रक्रियेवांचून सुटत नाहीं. तेथें रक्त पाहिजे, भूल देणारा पाहिजे, रस्ता पाहिजे. यांपैकीं कांहींहि आरोग्यदूताच्या पिशवींत मावत नाहीं. २०१८-२० च्या पाहणींत दर लाख जन्मांमागें मातांचे मृत्यु भारतांत ९७ आणि महाराष्ट्रांत ३३ होते, या सुधारणेंत इस्पितळांचा वांटा मोठा आहे हें नाकारणें कृतघ्नपणाचें होईल. दिवस भरत आलेल्या स्त्रीला आधींच आरोग्यकेंद्राशीं आणून ठेवणारी 'माहेरघर' योजना तर नांवापासूनच आम्हांस आवडली. परंतु नवजात अवस्था २८ दिवसांची, आणि इस्पितळांतील मुक्काम नियमानें ४८ तासांचा. उरलेले २६ दिवस बाळ घरींच असतें, आणि इस्पितळाची भिंत, ती कितीहि पक्की बांधली तरी, त्याच्यामागें घरीं जात नाहीं.

सुईच्या प्रश्नाहून लाजिरवाणा प्रश्न वेतनाचा आहे. आशेला आम्ही 'स्वयंसेविका' म्हणतों. कारण नोकर म्हटलें कीं पगार द्यावा लागतो. २०११ च्या नियमांत दवाखान्यांत जन्मलेल्या बाळाच्या सहा घरभेटींस मिळून २५० रुपये ठरले, म्हणजे भेटीस बेचाळीस रुपयेहि नाहींत. तेहि केव्हां? वजनाची नोंद झाली, लस टोचली, जन्म नोंदविला आणि ४२ व्या दिवशीं माता व बालक दोघेंहि सुखरूप असलीं तर! रोगी दगावला म्हणून फी परत करणारा तज्ज्ञ आम्हीं तरी पाहिलेला नाहीं. विद्यार्थी नापास झाला म्हणून आमच्या प्राध्यापकवर्गाचाहि पगार कोणी कापीत नाहीं, आणि तसा नियम निघाला तर पहिला मोर्चा आमचाच निघेल. २०२१ च्या जूनमध्यें, साथ चालू असतां, महाराष्ट्रांतील आशा संपावर गेल्या तेव्हां "या वेळीं संप शोभतो का?" असें विचारणारे आमच्याच घरांत होते. मे २०२२ मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें याच स्त्रियांचा गौरव केला. गौरवानें मात्र कोणाची चूल पेटत नाहीं.

आमच्या वर्गाला आनंदीबाई जोश्यांचा अभिमान आहे. चौदाव्या वर्षीं झालेलें त्यांचें मूल दहा दिवसांत गेलें. त्या दुःखांतून त्या वैद्यकीकडे वळल्या आणि १८८६ सालीं त्यांनीं पदवीसाठीं प्रबंध लिहिला तो हिंदूंतील प्रसूतिशास्त्रावर. त्यांचें मूल रानांतल्या टोल्यावर गेलें नव्हतें. जाणता हात जवळ नव्हता म्हणून गेलें. त्यांच्यावरचीं नाटकें पाहून डोळे पुसणाऱ्या आम्हीं तो हात आज टोल्यावर तयार झाला असतां त्यांतली सुई काढून घ्यावी, हें कसें?

आमची मागणी साधी आहे. जेथून इस्पितळ पावसाळ्यांत गांठतां येत नाहीं, तेथील आशेला पुरें शिक्षण द्या, तिच्यावर नीट देखरेख ठेवा, आणि सुई तिच्या हातीं द्या. तिला सेवेंत घेऊन महिन्याचा पगार द्या. पैसा कोठून आणावा, असें पुसणारांसाठीं इतकेंच सांगतों कीं, 'लॅन्सेट'मधील त्या निबंधांत एका अर्भकामागें आलेला खर्च ५.३ डॉलर इतका नोंदविला आहे. ज्या बारशाला आम्ही गेलों होतों, तेथील फुलांचा खर्च आम्हीं यजमानांस विचारला नाहीं.