कंबरदुखीचा हिशेब



आमच्या शेजारच्या मावशी चार घरची धुणीभांडी करीत. कंबर धरली आणि दोन घरे सुटली. आम्ही त्यांना दवाखान्यात नेले. तेथे व्यायाम शिकविणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी एक कागद भरून घेतला. सहा आठवड्यांनी मावशी वैतागल्या. "भाऊ, काय बी फरक न्हाई. उद्यापासून व्यायाम बंद."

बाईंनी पुन्हा तेच प्रश्न विचारले. दुखण्याला १० पैकी किती गुण? आधी ८, आता ७. म्हणजे मावशींची तक्रार खोटी नव्हती. पण बादली उचलवते का? अर्धी भरलेली उचलवते. बसमध्ये बसवते? बसवते. झोप? लागते. या कामकाजाच्या प्रश्नांचे गुण ५० पैकी २४ वरून १६ वर आले होते.

ही प्रश्नावली इंग्लंडमधील ऑस्वेस्ट्री गावाच्या नावाने ओळखली जाते. ती १९८० साली प्रसिद्ध झाली. उचलणे, चालणे, बसणे, झोप, प्रवास अशा १० बाबी, प्रत्येकीला ० ते ५ गुण. गुण कमी, तितका त्रास कमी.

पण किती उतार पडला म्हणजे खरी सुधारणा? एखादा गुण तर सकाळ-संध्याकाळही हलतो. २००८ साली या विषयाच्या जाणकारांनी एकत्रितपणे सुचविले, की पहिल्या आकड्यापेक्षा सुमारे ३० टक्के उतार पडला तर रुग्णाच्या दृष्टीने तो मोलाचा धरावा. मावशींच्या कामकाजातला उतार ३३ टक्के होता, दुखण्यातला जेमतेम १२. म्हणजे व्यायाम लागू पडत होता, पण दुखण्यावर आणखी इलाज हवा होता.

आम्ही पडलो हिशेबाची माणसे. आरंभीची शिल्लक लिहिली नाही तर नफा-तोटा कळत नाही. आपण मात्र डॉक्टरांनी विचारले की "बरं आहे" म्हणून मोकळे होतो. तसे करू नका. पहिल्याच दिवशी वहीत लिहा: किती वेळ बसवते, किती चालवते, काय उचलवते. महिन्याने पुन्हा लिहा आणि डॉक्टरांना दाखवा. मात्र लघवी अडली, जांघेत बधिरपणा आला किंवा पायातली ताकद गेली, तर वही बाजूला ठेवून ताबडतोब इस्पितळ गाठा.

मावशींनी व्यायाम सोडला नाही. परवा म्हणाल्या, "दुखतंय अजून. पर एक घर परत धरलंय."