महामारीत गुरांच्या दवाखान्याचे नित्यकाम

सन २०२० च्या करोना महामारीत मनुष्यांच्या दवाखान्यांविषयी पुष्कळ लिहिले गेले. गुरांच्या व कुत्र्यांच्या दवाखान्यांविषयी मात्र फारच थोडे. त्या वर्षी पिंपरी-चिंचवड शहरात व चाकणच्या कारखान्यांच्या पट्ट्यात पशुवैद्यांचे काम प्रथम तातडीच्या रोग्यांपुरते उरले व पुढे हळूहळू पूर्वपदावर आले. हा क्रम कसा लागावा, याचा विचार शेतकरीवर्गाने आताच, स्वस्थतेच्या काळात, करून ठेवणे अवश्य आहे. कारण साथ पुन्हा येणार नाही असे कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. नित्याचे काम म्हणजे सवडीने करावयाचे काम, ही समजूत आमच्या मते फार नुकसानीची आहे.

टाळेबंदी २५ मार्च २०२० रोजी सुरू झाली. १५ एप्रिल रोजी केंद्रीय गृह मंत्रालयाने काढलेल्या सूचनांत पशुवैद्यकीय रुग्णालये, दवाखाने, रोगनिदानाच्या प्रयोगशाळा आणि लसी व औषधे यांच्या विक्रीस स्पष्ट मुभा होती. तथापि हुकमाने दार उघडे राहिले म्हणजे रोगी दारापर्यंत पोहोचतोच असे नाही. रस्त्यांवर नाकेबंदी, मधूनमधून प्रतिबंधित क्षेत्रे आणि जो तो घरात, अशा स्थितीत अडलेली म्हैस, पोट फुगलेला बैल किंवा मोटारीखाली सापडलेला कुत्रा एवढ्यांकडेच वैद्याने आधी धाव घेणे योग्यच होते. त्या दिवसांत ज्यांनी जिवाची जोखीम पत्करून गोठ्यात पाऊल टाकले, त्यांस कोणी दोष देऊ नये.

पुढे जूनपासून राज्य सरकारने टप्प्याटप्प्याने व्यवहार खुले केले, तसे दवाखानेही खुलत गेले. प्रथम दूरध्वनीवरून सल्ला; नंतर आधी वेळ ठरवून येणे; जनावराबरोबर एकच माणूस, तोंडाला मुखपट्टी, बाकीच्यांनी बाहेर थांबणे; आणि सर्वांत शेवटी नसबंदीसारख्या शस्त्रक्रिया, अशी सर्वसाधारण रीत होती. ही वाट सरळही नव्हती. जुलैच्या १३ तारखेच्या मध्यरात्रीपासून २३ तारखेपर्यंत पुणे, पिंपरी-चिंचवड व लगतच्या काही गावांत पुन्हा कडक टाळेबंदी आली आणि ठरलेल्या वेळा पुन्हा मोडल्या. सबब, काम पुन्हा सुरू करण्याचा क्रम असा हवा की, मध्येच खंड पडला तरी जे अत्यंत गरजेचे ते आधीच उरकलेले असावे.

आता प्रश्न असा की, अत्यंत गरजेचे कोणते? ज्याने आधी दूरध्वनी केला त्याचे काम आधी, ही रीत वरकरणी न्यायाची दिसते. परंतु जनावराचे वय आणि पावसाळा हे दोन्ही कोणासाठी थांबत नाहीत. सांसर्गिक गर्भपाताची लस कालवडीस व पारडीस चार ते आठ महिन्यांच्या वयातच, आयुष्यात एकदा, टोचावयाची असते. मार्चच्या अखेरीस जी कालवड चार महिन्यांची होती, ती जुलैच्या अखेरीस आठ महिन्यांची झाली. तिची संधी टाळेबंदीने गिळली. कुत्र्याच्या पिलाचीही तीच गोष्ट. सहा-आठ आठवड्यांच्या वयापासून चार महिन्यांचे होईपर्यंत त्यास ठरावीक अंतराने लसी द्याव्या लागतात, आणि तिसऱ्या महिन्यात पिसाळ रोगाची लस येते. फेब्रुवारीत जन्मलेल्या पिलाचे हे सारे वय बंद दाराबाहेर निघून गेले.

घटसर्प व फऱ्या यांच्या लसी पावसाळ्यापूर्वी टोचाव्या लागतात. मृग बरसल्यावर धावाधाव करून उपयोग थोडा. लाळ्या-खुरकूत रोगाच्या निर्मूलनासाठी सप्टेंबर २०१९ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम आरंभला गेला, त्यात वर्षातून दोन वेळा लस देण्याची योजना आहे. एक वेळ चुकली की कळपाचे बळ उतरते. उलटपक्षी, ठाणबंद बैलाचे खूर साळणे किंवा घरच्या कुत्र्याची नसबंदी ही कामे महिना-दोन महिने लांबली तरी बहुधा मोठी हानी होत नाही. म्हणून वय व ऋतू पाहून क्रम लावावा, असे आमचे मत आहे.

कुत्र्याचा विषय शेतकऱ्यांच्या मासिकात कशास, असे कोणी म्हणेल. म्हाळुंगे, कुरुळी, नाणेकरवाडी या गावांची आजची स्थिती पाहावी. एका बांधाला कारखान्याची भिंत, दुसऱ्या बांधाला कामगारांच्या चाळी आणि मध्ये आपला गोठा. राखणीच्या कुत्र्याची गाठ रोज मोकाट कुत्र्यांशी पडते. पिसाळ रोग मनुष्यास होतो तो शंभरात नव्याण्णव वेळा कुत्र्यापासूनच; आणि लक्षणे दिसू लागल्यावर मृत्यू जवळजवळ निश्चित. गोठ्यातील गाय व अंगणातील मूल या दोघांचीही राखण त्या कुत्र्याच्या एका लसीत आहे.

आणखी एक आक्षेप आम्ही ऐकतो की, आपल्या वाडवडिलांची गुरे सुईवाचूनच जगली. जगली त्यांची आठवण राहिली, बुळकांडीने गोठेच्या गोठे ओस पडले त्यांची राहिली नाही. गुरांच्या रोगांच्या संशोधनासाठी सरकारी प्रयोगशाळा १८८९ साली आपल्या पुण्यातच निघाली व १८९३ साली ती हिमालयात मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली. तेथून आरंभलेल्या उद्योगाचे फळ म्हणजे २००६ साली भारत आणि २०११ साली सारे जग बुळकांडीमुक्त जाहीर झाले. गावोगाव, वर्षानुवर्षे, कंटाळवाण्या नेमाने लस टोचूनच हे यश आले.

सन २०२२ मध्ये लंपी चर्मरोगाने हीच परीक्षा पुन्हा घेतली. या वेळी साथ गुरांचीच होती. गुरांचे बाजार बंद झाले, वाहतूक थांबली आणि शेळ्यांच्या देवीवरील लस राज्यभर गाईबैलांस टोचण्यात आली. त्याच वर्षी देशात लंपीची स्वतंत्र लस तयार झाली व ती बनविण्याचे हक्क डिसेंबरात औंध येथील सरकारी लसनिर्मिती संस्थेस मिळाले. परंतु गावात वैद्य एकच आणि हात दोनच. ते एका रोगावर लागले म्हणजे इतर लसी मागे पडण्याचे भय असतेच.

यावर उपाय खर्चाचा नाही. प्रत्येक गावच्या सोसायटीने एक वही ठेवावी. तीत प्रत्येक जनावराचा कानातील बारा अंकी बिल्ला, जन्ममास, मागील लसीची तारीख व पुढील लसीची तारीख लिहावी. घरच्या कुत्र्यांसाठी निराळे पान राखावे. महसुली दप्तरात आयुष्य काढलेल्यांस ठाऊक आहे की, आधी लिहिलेली नोंद अडचणीच्या वेळी दहा माणसांचे काम करते. साथ आली की त्या वहीवरून वय निघून जाणारी जनावरे प्रथम, पावसाळ्यापूर्वीच्या लसी दुसऱ्या व बाकीची कामे तिसऱ्या क्रमाने काढावीत. वाडीवार दिवस नेमावा. गर्दी न करता मोकळ्या खळ्यावर जनावरे आणावीत. लसीची पेटी दोन ते आठ अंश उष्णतेत राहील इतक्या बर्फाची सोय सोसायटीने करावी. तातडीसाठी १९६२ हा क्रमांक प्रत्येक गोठ्याच्या दारावर लिहून ठेवावा.

पशुवैद्यास वेळ कमी असेल तेव्हा त्याने आधी कोठे जावे, हे सांगणारी वही आपल्या हाती असली पाहिजे. ती साथ आल्यावर लिहिता येत नाही. येत्या मृगापूर्वी लिहून पुरी करावी, अशी आमची सर्व सभासदांस आग्रहाची विनंती आहे.