कारागिराची पारख मालकाने कशी करावी?

बाहेरचा कारागीर ठेवणाऱ्या मालकालाच शिक्षा करा, म्हणजे घुसखोरी थांबेल, असे म्हटले जाते. आम्हास हे पटत नाही. जुलै १९९८ मध्ये मुंबईतील बंगाली मुसलमान जरी कारागिरांना बांगलादेशी ठरवून पोलीस रेल्वेने सीमेकडे नेत होते. उलुबेरिया स्थानकावर लोकांनी गाडी अडवून काहींना सोडवले. ही माणसे आमचीच, अशी पश्चिम बंगाल सरकारची तक्रार होती. जे पोलिसांना नीट ठरवता आले नाही, ते यवतमाळ-पुसदच्या दुकानदाराने बोली ऐकून ठरवावे काय? आधार कार्ड नागरिकत्वाचा पुरावा नाही, असे २०१६ चा आधार कायदाच सांगतो. धास्तीने मालक बंगाली माणसाला दारातूनच परत पाठवील. नाहीतर ‘पकडून देईन’ म्हणत त्याची मजुरी बुडवील. (असे मालक आपल्यातही आहेत, लपवण्यात अर्थ नाही.)

मालकाला जाब विचारायचाच तर हजेरी आणि मजुरीचा विचारावा. व्यापारी बंधूंनीही कारागिराचे नाव, मूळ गाव, कामावर आल्याची तारीख, उचल व दिलेली मजुरी वहीत सहीनिशी लिहावी. गावाकडच्या कागदांच्या नकलाही ठेवाव्यात. १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या परदेशी नागरिकांविषयीच्या नव्या कायद्यातही, आपण परदेशी नाही हे सिद्ध करण्याचा भार त्या कारागिरावरच आहे.