डोळे शाबूत, दृष्टी अर्धी

अपघातात डोक्याला मार लागलेला किंवा पक्षाघातातून सावरलेला माणूस घरी येतो. हातपाय चालू लागतात, बोलणे सुधारते. पण ताटात डाव्या बाजूला वाढलेली भाजी तशीच राहते, खांदा दाराच्या चौकटीला आपटतो, वर्तमानपत्रातल्या ओळीची सुरुवातच निसटते. ‘लक्ष कुठे असते तुमचे?’ म्हणून घरचे वैतागतात. चष्म्याचा नंबर तपासला जातो. तक्त्यावरची अक्षरे नीट वाचता येतात आणि ‘डोळे उत्तम’ असा निर्वाळा मिळतो.

हा निर्वाळा खोटा नसतो, अपुरा असतो. डोळा प्रकाश टिपतो. पाहण्याचे उरलेले काम मेंदू करतो. समोरच्या दृश्याचा डावा अर्धा भाग मेंदूच्या उजव्या बाजूकडे जातो आणि उजवा भाग डाव्या बाजूकडे. डोक्याच्या मागच्या भागातील दृष्टिकेंद्राला एका बाजूस इजा झाली, तर विरुद्ध बाजूचे दृश्य दोन्ही डोळ्यांना दिसेनासे होते. जपानी नेत्रवैद्य तात्सुजी इनौये यांनी १९०४-०५च्या रशिया-जपान युद्धात डोक्याला गोळी लागलेले सैनिक तपासले. जखम कुठे आणि दिसणे कुठले गेले, याचा मेळ घालून त्यांनी या केंद्राचा नकाशाच मांडला, तो १९०९ साली.

इजेची जागा बदलली की हानीही बदलते. कुणाला ओळखीचे चेहरे ओळखता येत नाहीत. जर्मनीतील योसेफ झील आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये नोंदवलेल्या एका महिलेला हालचालच दिसेनाशी झाली होती. कपात ओतला जाणारा चहा तिला गोठल्यासारखा दिसे. लांब असलेली मोटार एकदम जवळ आलेली दिसे.

खरा धोका असा की, हरवलेल्या भागाच्या जागी काळोख दिसत नाही. त्यामुळे अनेकांना आपली उणीव जाणवतच नाही आणि ते पुन्हा दुचाकी घेऊन रस्त्यावर उतरतात. म्हणूनच अशा रुग्णाला घरी सोडण्यापूर्वी त्याच्या दृष्टिक्षेत्राची तपासणी, म्हणजे फील्ड टेस्ट, नेमाने व्हायला हवी. यंत्र नसले तरी डॉक्टरांनी समोर बसून बोटे हलवून पाहिली, तर मोठी उणीव बहुधा लक्षात येते. सुरुवातीच्या काही महिन्यांत थोडी दृष्टी परतू शकते. नंतरही न दिसणाऱ्या बाजूकडे नजर व मान वळवण्याचा सराव उपयोगी पडतो. वाहन चालवण्याचा निर्णय मात्र तपासणीनंतरच घ्यावा.

‘लक्ष कुठे आहे?’ हे विचारण्याआधी ‘दिसते का?’ हे विचारले पाहिजे. रुग्णालयाने आणि घरच्यांनीही.