काचेतली जात

भायखळ्याला राणीच्या बागेत म्युझियमची जुनी कोठी आहे. 2003 ते 2008 तिची दुरुस्ती चालली, 2005 ला युनेस्कोचं बक्षीसही मिळालं. पेपरवाले नाचले. मी नाचणार नाही, दगडही मारणार नाही. कोठी बघण्यासारखी आहे. लोखंडी खांब, छताला खऱ्या सोन्याचा वर्ख. बागेत काळ्या घोड्यावरचा एडवर्डसुद्धा आहे, 1965 पासून. राजांना म्हातारपणी बाग मिळते.

1872 ला कोठी उघडली ती व्हिक्टोरिया-आल्बर्ट या नवराबायकोच्या नावानं. 1975 ला डॉ. भाऊ दाजी लाडांचं नाव लागलं. आम्ही अंबरनाथच्या शिवमंदिराकडची पोरं, आम्हाला भाऊ दाजी परके नाहीत. आमच्या देवळातला शिलालेख त्यांनी वाचला. शक 782 म्हणाले. पुढे भगवानलाल इंद्रजींनी 982 वाचलं, म्हंजे इसवी सन 1060. एका आकड्यात दोनशे वर्षं गेली. जाऊ द्या, वाचायला बसले हेच मोठं. पण लेखात राजा आहे, राजाचे अमात्य आहेत. छिन्नी मारून ज्याच्या हाताला घट्टे पडले तो कुठाय? 1868 ला सरकारनं देवळाच्या नक्षीचे साचे घेतले. नक्षीची काळजी तेव्हापासून. वालधुनीच्या काळ्या पाण्याकाठी राहणाऱ्याची कधी घेणार?

कोठीबाहेर दगडी हत्ती उभा आहे. मी गोदी कामगार, म्हणून हा हत्ती माझा. 1864 ला साहेबाला तो घारापुरीवरनं विलायतेला न्यायचा होता. यारी मोडली, हत्ती पडला, तुकडे झाले. 1914 ला सांधून बागेत उभा केला. सांधणाऱ्या साहेबांची नावं पुस्तकात सापडतात. यारीखाली कोण होतं, कुणाचा पाय गेला का, कुणी मेलं का? मी शोधलं, एक ओळ सापडली नाही. साखळी तुटली की पहिली हाक मालासाठी जाते, हे गोदीतल्या पोराला कुणी शिकवावं लागत नाही.

आणि आत मातीच्या बाहुल्या. मुंबईतल्या जातीजमाती, ज्याच्या त्याच्या पगडी-लुगड्यासकट, काचेत. 25 डिसेंबर 1927 ला महाडला मनुस्मृती जळाली, आणि इथं जात धूळ पुसून मांडलीय. पोरं रांगेनं येतात, पगडीवरनं माणूस ओळखायला शिकतात.

कुणी म्हणेल, इतिहास आहे, फोडायचा का? नाही दोस्तहो, ठेवा. त्या मातीत कुणा कारागिराची बोटं आहेत, ती आपलीच. पण बाहुलीखाली लिहा, ही वाटणी कुणी केली, साहेबाला ती काचेत कशाला हवी होती, यातल्या कुणाला कुठल्या विहिरीचं पाणी बंद होतं. मी वाचल्या त्या पाट्यांवर हे नव्हतं. वर्खाला पैसा मिळाला, पाटीला मिळेल.

हत्तीखालीही एक लावा. मजकूर मी देतो, फुकट.