वाट नकाशावर हवी

अमेरिकेच्या राष्ट्रीय वनांत जीप किंवा मोटरसायकल घेऊन शिरणाऱ्याने आधी वनखात्याचा एक साधा नकाशा पाहायचा असतो. तो फुकट मिळतो. त्यावर जी वाट छापलेली नाही ती चाकांना बंद, मग तिथे फाटक असो वा नसो.

हा नियम २००५चा. मुळे मात्र १९७२च्या अध्यक्ष निक्सन यांच्या आदेशात. माती, पाणी, वन्यजीव यांची हानी आणि इतर भटक्यांशी उडणारे खटके कमीत कमी राहतील अशा वाटा ठरवायच्या आणि त्या ठरवताना लोकांना सहभागी करून घ्यायचे.

इथेच बरेच गाडीवाले मागे पडतात. ‘आमची वाट बंद करू नका’ एवढेच लिहिलेल्या पत्राने फारसे साधत नाही, त्याखाली कितीही सह्या असोत. वाटेचा क्रमांक काय, ओढा कुठे ओलांडावा लागतो, बर्फ कधी वितळतो, चिखलात चाकोऱ्या कुठे खोल जातात, वळसा कुठून काढता येईल, हे लिहिणारा अधिकाऱ्याला कामाची माहिती देतो. डागडुजीला माणसे आणि पैसा आहे का, हेही नियमाने पाहावे लागते. म्हणून फावडी घेऊन येण्याची तयारी असलेल्या क्लबाच्या पत्राला वजन येते.

पायी फिरणारे, घोडेस्वार, शिकारी यांच्याशीही वाटा ठरवण्याच्या बैठकीआधीच बोलून घ्यावे.

नकाशा छापला म्हणजे दार लागले असे नाही. गरजेप्रमाणे वाटांचा फेरविचार होतो. बर्फावर चालणाऱ्या गाड्यांसाठी २०१५मध्ये असाच नियम आला.