नोंद वेगळी, सत्कार वेगळा



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. सध्या मुक्काम लेकीकडे, कॅलिफोर्नियात. इथे माझा दिनक्रम ठरलेला असतो. सकाळी चालणं, दुपारी वाचन आणि संध्याकाळी नातवाशेजारी बसून बेसबॉल. हसू नका! क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला हा खेळ समजायला चार दिवस पुरतात. आवडायला मात्र चार वर्षं लागतात. माझी ती केव्हाच झाली.

परवा नातू मोबाईलवर होमरनची यादी बघत होता. (होमरन म्हणजे आपला षटकारच समजा, फक्त तो फार दुर्मिळ.) पहिलं नाव बॅरी बॉन्ड्स, ७६२. दुसरं हँक आरन, ७५५. तिसरं बेब रूथ, ७१४. नातू म्हणाला, "आजी, हा बॉन्ड्स चीटर होता ना? मग त्याचं नाव अजून वर कसं? खोडायला पाहिजे."

मी पटकन म्हणून गेले, "बरोबर आहे तुझं." पण रात्री झोप लागेना. बरोबर आहे का खरंच?

ज्यांना ही कथा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. १९९४ साली खेळाडूंचा संप झाला आणि त्या वर्षीची वर्ल्ड सिरीजच रद्द झाली. प्रेक्षक चिडले, मैदानं ओस पडू लागली. मग १९९८ चा उन्हाळा आला. मार्क मॅग्वायर आणि सॅमी सोसा यांच्यात होमरनची शर्यत लागली. एका मोसमातला विक्रम होता रॉजर मॅरिसचा, १९६१ सालचा, ६१ होमरनचा. ३७ वर्षं तो कुणाला मोडता आला नव्हता. त्या वर्षी सोसानं ६६ मारले, मॅग्वायरनं ७०! गर्दी परत आली, मालक खूष, टीव्हीवाले खूष. २००१ मध्ये बॉन्ड्सनं ७३ मारले. म्हणजे चार वर्षांत तिघांनी मिळून सहा वेळा ६१ चा आकडा ओलांडला. आणि त्यानंतर? २०२२ मध्ये ॲरन जजनं ६२ मारेपर्यंत, तब्बल २१ वर्षं, पुन्हा कुणालाच तो ओलांडता आला नाही. शिक्षिकेच्या नजरेला एवढा आकडा पुरे. ज्या वर्गात एकाच वर्षी तिघांना पैकीच्या पैकी मिळतात आणि पुढे वीस वर्षं कुणालाच नाही, तिथे काहीतरी पाणी मुरतंय.

मुरत होतंच. स्टेरॉइड्समुळे स्नायू वाढतात, थकलेलं शरीर लवकर सावरतं, फटक्यात जोर येतो. ९५ मैलांच्या वेगानं येणारा चेंडू हेरण्याची नजर मात्र कुठलंही औषध देत नाही. मॅग्वायरनं २०१० मध्ये स्टेरॉइड्स घेतल्याचं कबूल केलं. बॉन्ड्सचं नाव बाल्को नावाच्या प्रयोगशाळेच्या प्रकरणात आलं. २००३ मध्ये त्यानं साक्षीत सांगितलं की, ट्रेनरनं दिलेलं ते मला जवसाचं तेल आणि सांधेदुखीचं मलम वाटलं. जवसाची चटणी खाऊन आम्ही इतकी वर्षं काढली, आमच्या हातून साधा चौकार गेला नाही! जाणूनबुजून घेतलं नाही, हे त्याचं म्हणणं आजही कायम आहे. न्यायात अडथळा आणल्याबद्दल २०११ मध्ये तो दोषी ठरला आणि २०१५ मध्ये वरच्या कोर्टानं तो निकालही रद्द केला.

बॉन्ड्सचा ७५६ वा होमरन, म्हणजे आरनला मागे टाकणारा, ७ ऑगस्ट २००७ ला सॅन फ्रान्सिस्कोत झाला. आरन स्वतः आला नव्हता. त्याचा अभिनंदनाचा संदेश मोठ्या पडद्यावर दाखवला. तो चेंडू मार्क एको नावाच्या फॅशनवाल्यानं लिलावात साडेसात लाख डॉलर्सना घेतला आणि त्याचं काय करायचं यावर लोकांची मतं मागवली. लोकांनी ठरवलं, त्याच्यावर एक तारका कोरा. म्हणजे 'खाली टीप पहा'! तसा तारका कोरलेला तो चेंडू कूपर्सटाउनच्या हॉल ऑफ फेमला गेला. गंमत अशी की चेंडू आत आहे आणि तो मारणारा बाहेर. तिथे जायला पत्रकारांची ७५ टक्के मतं लागतात. २०२२ मध्ये, दहाव्या आणि शेवटच्या वर्षी, बॉन्ड्सला ६६ टक्के मिळाली.

आता 'सगळेच घेत होते, मग त्याला एकट्याला का?' असं म्हणणारे पुष्कळ आहेत. शिवाय आधीचे विक्रम तरी कुठे शुद्ध, असंही ते विचारतात. बेब रूथच्या काळात काळ्या खेळाडूंना या लीगमध्ये प्रवेशच नव्हता. जॅकी रॉबिन्सननं ते दार उघडलं १९४७ मध्ये. त्यानंतरच्या पिढ्यांत तरतरी आणणाऱ्या गोळ्या सर्रास चालायच्या. हे सगळं खरं आहे. पण 'सगळेच' हा शब्द मला टोचतो. सगळे कधीच नसतात. ज्यानं सुई टोचून घेतली नाही आणि म्हणून जो खालच्या लीगमधूनच घरी गेला, त्याचं नाव कुठल्याच यादीत नाही. आणि १९७३ मध्ये रूथच्या विक्रमाजवळ येताना ज्या आरनला जिवे मारण्याच्या धमक्यांची पत्रं येत होती, त्यानं त्या पत्रांच्या ओझ्याखाली मारलेले होमरन तरी 'सगळ्यां'मध्ये कसे धरायचे?

इथे माझी झोप उडाली, कारण मला एक मुलगी आठवली.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी तालुक्याच्या गावी शाळेत होते, दहावीचं केंद्र आमच्याकडेच असायचं. बीजगणिताचा पेपर, मी सुपरवायझर. खिडकीतून चिठ्ठ्या येत होत्या, गाईडची पानं बाकाखाली फिरत होती. भरारी पथक येणार असलं की आधी निरोप यायचा. मी एकदा तक्रार केली तर वरिष्ठ म्हणाले, "बाई, पोरांचं वर्ष जाईल. जरा खिडकीबाहेर बघत जा." आणि मी बघितलं हो खिडकीबाहेर! समोरचं चिंचेचं झाड मला आजही फांदी न् फांदी पाठ आहे.

तिसऱ्या बाकावरच्या मुलीला दोन गणितं अडली होती. शेजारी उत्तराचं पान उघडं होतं. तिनं मान वळवली नाही. निकालात शेजारणीला तिच्याहून जास्त मार्क. हिचं तंत्रनिकेतन थोड्या मार्कांनी हुकलं. गुणपत्रिका घ्यायला आली तेव्हा तिनं मला हळूच विचारलं, "बाई, तुम्ही बघितलं होतं ना?"

मी काय बोलणार? त्या वर्षी शाळेचा निकाल जिल्ह्यात गाजला. आम्हां सगळ्या शिक्षकांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. ती शाल अजून माझ्या कपाटात आहे.

म्हणून मला बड सेलिग हे नाव वाचलं की अस्वस्थ व्हायला होतं. १९९२ ते २०१५ बेसबॉलचा कारभार या गृहस्थांकडे होता. १९९१ मध्येच आधीच्या कमिशनरांनी स्टेरॉइड्स चालणार नाहीत असं पत्रक काढलं होतं. पण चाचणीच नाही, तर पत्रकाचा उपयोग काय? १९९८ मध्ये एका वार्ताहरानं मॅग्वायरच्या कपाटातल्या गोळ्यांच्या बाटलीबद्दल लिहिलं, तर दोष वार्ताहरालाच! पहिल्या सरसकट चाचण्या २००३ मध्ये झाल्या, त्याही नावं गुप्त ठेवून. पहिल्याच चुकीला निलंबन सुरू झालं २००५ मध्ये. चाचणीला खेळाडूंच्या संघटनेचाही विरोध होता, हे मान्य. २००७ च्या मिचेल अहवालात ८९ खेळाडूंची नावं आली. पण दोष मालकांचा, अधिकाऱ्यांचा, खेळाडूंचा, सगळ्यांचाच असल्याचं त्यातच म्हटलं आहे. आणि २०१७ मध्ये सेलिगसाहेब सन्मानानं हॉल ऑफ फेममध्ये दाखल झाले. खिडकीबाहेर बघणाऱ्याला शाल मिळाली.

माझं मत आता असं आहे. नोंद खोडू नये. नोंद म्हणजे हजेरीपट. जे झालं ते झालं, ७६२ वेळा चेंडू बाहेर गेला, त्यावर सामने जिंकले-हरले गेले. ते खोडायला गेलात तर कुठल्या धाग्यापर्यंत उसवत जाणार? पण नोंद म्हणजे सत्कार नव्हे. सत्कार आपल्या हातात असतो आणि तो नाकारायचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. फक्त तो नाकारायचा तर सर्वांना एकाच मापानं नाकारा. खेळाडू दाराबाहेर आणि ज्यांनी डोळे मिटले ते आत, हा न्याय नाही. दोघांनाही आत घेणार असाल तर भिंतीवर दोघांच्याही नावाखाली खरं काय ते स्पष्ट लिहा. तारका नको, पूर्ण वाक्यं लिहा.

दुसऱ्या दिवशी मी हे सगळं नातवाला सांगितलं, शालीसकट. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आजी, मग तू त्या मुलीला सॉरी म्हणालीस?"

नाही म्हणाले. इतक्या वर्षांत नाही. ती तालुक्यालाच असते, नवऱ्याबरोबर दुकान चालवते, तिचं छान चाललंय असं ऐकते. पण 'छान चाललंय' हे उत्तर तिचं नव्हे, माझ्या सोयीचं आहे.

दिवाळीच्या आधी परत येते आहे. आल्यावर तालुक्याची एसटी धरायची, एवढं ठरवलंय. तिथे काय बोलायचं ते अजून सुचलेलं नाही. तुमच्यापैकी कुणी असं उशिरा जाऊन आलं असेल तर जरूर कळवा.

असो. पुष्कळ झालं. नातू हाका मारतोय, सामना सुरू झाला.